गाडीचा चासी नंबर पाठ, बाईचे नाव कोरे

स्पोर्ट्स कार, मोटारींची प्रदर्शने आणि तिथे काढले जाणारे फोटो या विषयाला आपल्या अंकात जागा कशाला, असे काहीजणींना वाटेल. पाण्याचा प्रश्न आहे, घरातल्या मारहाणीच्या केसेस आहेत, रेशनचे भांडण आहे. त्यात या श्रीमंती खेळण्यांचे काय? शंका रास्त आहे. पण कोणाची ओळख नोंदवून जपायची आणि कोणाला निनावी सोडून द्यायचे, हा प्रश्न आपला रोजचा आहे. रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत आपण त्याच्याशीच झगडतो. हाच प्रश्न मोटार प्रदर्शनातल्या फोटोत इतका उघडावाघडा पडलेला असतो, की त्याकडे डोळेझाक करणे बरे नाही. कारण तिथे गाडी आणि बाई एकाच चौकटीत असतात, आणि ओळख मात्र फक्त गाडीची पटवली जाते.

ओळख पटवण्याची विद्या

जुन्या स्पोर्ट्स कारचे फोटो काढून त्यांची जात-कुळी ओळखणे हा जगभरच्या हजारो पुरुषांचा (आणि थोड्या स्त्रियांचा) गंभीर छंद आहे. माझ्या धाकट्या भावाला तो आहे, त्यामुळे मला त्याची थोडी माहिती आहे. या छंदाची मी टिंगल करणार नाही. त्यामागे अभ्यास आहे, चिकाटी आहे, नजरेची तालीम आहे.

उदाहरणच घ्या. जॅग्वार कंपनीची ई-टाइप ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. दिसायला सगळ्या ई-टाइप सारख्याच, लांब नाकाच्या. पण जाणकार माणूस एका फोटोवरून वर्ष सांगतो. हेडलाइटवर काचेचे झाकण असेल तर गाडी १९६७ पर्यंतची. मागचे दिवे बंपरच्या खाली आणि मोठे असतील तर १९६८ नंतरची. पुढच्या तोंडाला ठळक जाळी असेल तर १९७१ नंतरची, बारा सिलिंडरची. आणि बॉनेटच्या कड्या बाहेरून लावायच्या असतील, तर गाडी अगदी सुरुवातीच्या सुमारे ५०० पैकी एक! अशी गाडी दिसली की शौकीन गुडघ्यांवर बसून त्या कडीचा फोटो घेतो.

मर्सिडीझची ३०० एसएल ही गाडी १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. तिचे दरवाजे पंखांसारखे वर उघडतात. का? तर तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना इतका वर येतो की साधा दरवाजा बसवायला जागाच उरत नाही. अशा बंद टपाच्या गाड्या १४०० निघाल्या. त्यांतल्या कित्येक गाड्यांचा जन्मापासूनचा इतिहास, म्हणजे कोणत्या वर्षी कोणाकडे होती, कोणत्या रंगाची होती, इंजिन मूळचेच की बदललेले, हा चासी नंबरावरून लावला गेला आहे.

लॅम्बोर्गिनीच्या मिउराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९६५ साली तुरिनच्या प्रदर्शनात तिचा नुसता सांगाडा मांडला होता. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी आली. तिच्या हेडलाइटभोवती काळ्या पट्ट्यांची झालर असते. शौकीन मंडळी तिला 'पापण्या' म्हणतात. पहिल्या दोन प्रकारांना पापण्या आहेत, १९७१ च्या एसव्ही प्रकाराला बहुधा नाहीत. तेव्हा मिउरा ओळखायची तर पापण्या बघायच्या. या गाडीची रेषा मार्चेलो गांदिनी यांची की जॉर्जेतो जुजारो यांची, यावर जाणकारांनी अनेक वर्षे वाद घातला. एका वळणाचे श्रेय कोणत्या पुरुषाचे, यासाठी केवढी ही काळजी!

मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करा. पत्र्याच्या पापण्या मोजणारी ही नजर त्याच फोटोत गाडीला टेकून उभ्या असलेल्या बाईपाशी आली की काय होते? फोटोओळ म्हणते, 'मॉडेलसह'. कधी तेवढेही नाही.

शेजारी उभी कोण?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीआर या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आपल्या गाड्यांशेजारी नग्न मॉडेल उभ्या केल्या. स्टॉलवर झुंबड उडाली, गाजावाजा झाला, कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. मोटारींच्या इतिहासात हा प्रसंग आजही 'खट्याळ जाहिरात' म्हणून हसत हसत सांगितला जातो. गाड्यांची मॉडेल कोणती, इंजिने कोणती, हे सांगणारे पुष्कळ सापडतील. त्या बायकांना दिवसभर किती तास उभे केले, किती पैसे दिले, गर्दीतल्या हातांपासून त्यांना कोणी वाचवले का, हे विचारणारा विरळाच.

टीव्हीआरने केले ते टोकाचे होते, पण सूत्र सगळीकडचे तेच. पुढची कित्येक दशके तोकड्या कपड्यांतली, हसती, निनावी बाई हा मोटार प्रदर्शनाच्या मांडणीचा भागच होता, गालिचा आणि दिव्यांसारखा. आज बऱ्याच ठिकाणी ती कमी झाली आहे, पण त्या फोटोंचे ढीग तसेच आहेत, आणि ते आजही मोठ्या प्रेमाने बघितले जातात.

आता शौकीन म्हणतील, 'अहो, आम्हाला बाईत रसच नाही. उलट ती मध्ये उभी राहते म्हणून बंपर नीट दिसत नाही!' हे खरेही असेल. पण हा बचाव नाही, हीच तक्रार आहे. कंपनी तिला गिऱ्हाईक ओढायला उभी करते, आणि शौकीन तिला अडथळा समजतो. एकाच्या लेखी ती आमिष आहे, दुसऱ्याच्या लेखी अडगळ. माणूस ती दोघांच्याही लेखी नाही.

नावे होती, ती गळाली

काहीजण म्हणतील, 'मोटारीचा इतिहास पुरुषांनीच घडवला, त्याला आम्ही काय करणार?' तर थोडा इतिहास पाहू.

जिला पहिली मोटार म्हणतात ती कार्ल बेंझ यांच्या नावाने १८८६ साली पेटंट झाली. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७१ साली, बर्था यांच्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेऊन बेंझ यांच्या बुडत्या कारखान्यात घातली गेली. भागीदाराला बाजूला करून कारखाना वाचवायला तोच पैसा कामी आला. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मानहाइमहून फॉर्त्सहाइमला मोटार घेऊन गेल्या. एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. इतक्या लांब तोपर्यंत कोणी मोटार नेली नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. हे सगळे म्हणजे यंत्राची चाचणी आणि दुरुस्तीच होती. पण ही गोष्ट सांगितली जाते ती 'धाडसी पत्नीची गंमत' म्हणून. अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या सन्मानदालनात कार्ल यांचे नाव १९८४ साली लागले. बर्था यांचे लागायला २०१६ साल उजाडले.

मर्सिडीझ हे नाव तरी कोणाचे? एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचे. १९०१ च्या सुमारास गाडीला ते मिळाले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. म्हणजे बाईचे नाव गाडीला चालते. गाडीशेजारच्या बाईला मात्र नाव नसते.

पॅट मॉस यांनी १९६० साली अ‍ॅन विज्डम यांना सोबत घेऊन ऑस्टिन-हीली ३००० या स्पोर्ट्स कारमधून लिएज-रोम-लिएज ही अत्यंत खडतर शर्यत जिंकली. स्त्रियांच्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिल्या आल्या. त्या गाडीचा नोंदणी क्रमांक यूआरएक्स ७२७ शौकिनांना तोंडपाठ असतो. पॅट यांची ओळख मात्र बहुतेक ठिकाणी 'स्टर्लिंग मॉसची बहीण' अशी सुरू होते. अमक्याची बहीण, तमक्याची बायको, हे आपल्याला नवीन नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५० च्या दशकात प्रशिक्षित स्त्री-डिझायनर नेमल्या आणि जाहिरातीत त्यांना 'डॅमझल्स ऑफ डिझाइन' म्हणजे 'डिझाइनच्या ललना' असे लाडिक नाव देऊन टाकले. त्यांतल्या रूथ ग्लेनी यांनी १९५८ च्या प्रदर्शनासाठी कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार सजवली, तिला चार ऋतूंसाठी बदलता येतील अशी चार प्रकारची सीटकव्हरे केली. कामे वाट्याला यायची ती मुख्यतः गाडीच्या आतली: कापड, रंग, बैठक. बाहेरचा आकार, म्हणजे ज्याचा फोटो निघतो, तो पुरुषांकडे. घरातली वाटणी कारखान्यातही तशीच!

आणि कॅमेरा? डेनिस मॅक्लगेज या अमेरिकन पत्रकार मोटारींवर लिहायच्या, त्यांचे फोटो काढायच्या आणि त्या चालवायच्याही. १९६१ साली सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी स्वतःची फेरारी घेऊन जीटी गट जिंकला. अशा बाईला इंडियानापोलिसच्या शर्यतीत मात्र पत्रकारांच्या कक्षात आणि पिटमध्ये पाऊल ठेवायची मनाई होती. कारण एकच, बाई! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथले दार स्त्रियांना बंद होते. म्हणजे गाडीजवळ बाई चालते, पण फोटोत. कॅमेऱ्यामागे नाही.

एले नीस यांचे थडगे

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण या साऱ्याचे मर्म तिच्यात आहे.

एले नीस या फ्रेंच स्त्रीचा जन्म १९०० सालचा. पॅरिसमध्ये नर्तकी म्हणून नाव कमावले आणि मग त्या शर्यतीच्या मोटारींकडे वळल्या. डिसेंबर १९२९ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी धावपट्टीवर त्यांनी बुगाटी चालवून ताशी १९० किलोमीटरहून अधिक वेगाचा स्त्रियांचा विक्रम केला. त्यानंतर ग्रां प्री शर्यतींत पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या. १९३६ साली ब्राझीलमध्ये भीषण अपघात झाला, त्यातूनही त्या उठल्या. १९४९ साली माँटे कार्लोच्या एका समारंभात लुई शिराँ या नामांकित शर्यतपटूने भर लोकांत त्यांच्यावर आरोप केला, की युद्धकाळात त्या जर्मन गुप्त पोलिसांच्या हस्तक होत्या. पुरावा त्याने दिला नाही, पुढेही कधी सापडला नाही. पण एका पुरुषाचा शब्द पुरला. पुरस्कर्ते गेले, मित्र गेले, घरचे तुटले. १९८४ साली नीस शहरात त्या अत्यंत गरिबीत वारल्या. घरच्यांच्या थडग्यात त्यांना जागा मिळाली, पण दगडावर त्यांचे नाव कोरले गेले नाही. २००४ साली मिरांडा सीमूर यांनी त्यांचे चरित्र लिहिले, आणि २०१० साली कुठे त्या थडग्याजवळ नावाची पाटी लागली.

याच काळात जुन्या बुगाटी गाड्यांचे काय झाले? शौकिनांनी त्यांच्या याद्या केल्या, चासी नंबर जुळवले, कोणती गाडी कोणाच्या हातून कोणाकडे गेली याचा पत्ता दशकानुदशके ठेवला. एखाद्या बुगाटीचा हरवलेला गिअरबॉक्स शोधायला माणसे देश पालथे घालतात. आणि ती गाडी चालवणाऱ्या बाईचे नाव तिच्या दगडावर नाही, हे सव्वीस वर्षे कोणाला खटकले नाही. ज्यांना गाडीची नोंद ठेवता येते, त्यांना बाईची ठेवता येत नव्हती असे कसे म्हणावे? ज्याची किंमत वाटते त्याची नोंद ठेवली जाते. ओळख पटवणे ही सत्ता आहे, आणि ती कोणावर खर्च करायची हे सत्ताधारी ठरवतात.

बंदी हे उत्तर नव्हे

मग या मुलींना प्रदर्शनातून हटवा, असे सोपे उत्तर पुढे येते. २०१५ साली शांघायच्या मोटार प्रदर्शनाने मॉडेलवर बंदी घातली. झाले काय? काम गेलेल्या मुलींनी भिकाऱ्यांचा वेष करून रस्त्यावर निदर्शने केली. २०१८ साली फॉर्म्युला वन शर्यतींनी सुरुवातीच्या रेषेवर मुली उभ्या करण्याची प्रथा बंद केली. आयोजकांनी पाठ थोपटून घेतली. पण दोन्ही ठिकाणी ज्यांची रोजी गेली त्यांना कोणी विचारले होते का? त्यांना उभे करताना विचारले नाही, काढतानाही विचारले नाही. म्हणजे पुन्हा निनावीच.

१९९६ साली बंगळुरूला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा स्त्री-संघटनांनी बाजाराविरुद्ध आवाज उठवला, आणि त्याच वेळी संस्कृतिरक्षकही आपल्या कारणाने ओरडत उठले. त्यांना बाईच्या माणूसपणाशी देणेघेणे नव्हते, तिच्या पदराशी होते. मोटार प्रदर्शनाबद्दल बोलताना ही रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. आपली तक्रार त्या मुलीच्या स्कर्टच्या लांबीबद्दल नाही. ती काम करते आहे, पोट भरते आहे. तक्रार तिला माणसाऐवजी मांडणीचे सामान समजणाऱ्या धंद्याबद्दल आहे, आणि त्या धंद्याला सवय झालेल्या नजरेबद्दल आहे.

काम म्हणून पाहिले की खरे प्रश्न पुढे येतात. करार लेखी आहे का? दलाल किती कापतो? उंच टाचांवर किती तास? बसायला खुर्ची, कपडे बदलायला आडोसा आहे का? हात लावणाऱ्याची तक्रार कुठे करायची? आपल्याकडे २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. तो फक्त कायम नोकरीवाल्यांचा नाही. रोजंदारीवर, तात्पुरत्या, कंत्राटदारामार्फत आलेल्या बाईलाही तो लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने तक्रार समिती नेमायचीच आहे. दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात चार-पाच दिवसांसाठी आलेली मुलगीही त्यातून सुटत नाही. कायदा आहे, पण तो तिच्यापर्यंत कोणी नेला का?

आपण काय करायचे?

समाजकार्याच्या शिक्षणात पहिली गोष्ट शिकवली गेली ती म्हणजे बाई समोर बसली की आधी तिचे नाव विचारायचे, तिच्या तोंडून, आणि तसेच लिहायचे. साधी गोष्ट आहे, पण तिच्यासाठी केवढा झगडा करावा लागतो! मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी लागू झाला. एवढ्या एका रकान्यासाठी स्त्रियांना किती वर्षे बोलत राहावे लागले!

मोटारींचे जगही आपल्यापासून दूर नाही. पुण्याच्या टेल्कोने १९७४ साली नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी या तरुण इंजिनिअरने (आजच्या सुधा मूर्ती) थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि तिथे नोकरी मिळवली. त्याच पुण्याच्या कारखान्यात गाड्यांची जुळणी करणारी संपूर्ण स्त्रियांची एक साखळी उभी राहिल्याची बातमी २०२२ साली आली. प्रदर्शनात गाडी फिरत्या चौथऱ्यावर चढते तेव्हा तिचे नट-बोल्ट आवळणाऱ्या या हातांचा फोटो तिथे लागतो का?

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, फोटो छापणाऱ्यांकडे. गाडीचे मॉडेल, साल, इंजिन देता तसे चौकटीतल्या बाईचे नाव द्या, तिला विचारून द्या. तिला नाव छापणे नको असेल तर तो तिचा हक्क. पण विचारल्याशिवाय कोरे सोडू नका. जुन्या फोटोंतल्या बायकांचा शोध घ्या. ई-टाइपची कडी ओळखणाऱ्यांना ते अवघड नाही.

दुसरी, संग्रहालये आणि जुन्या गाड्यांच्या मंडळांकडे. गाडीच्या इतिहासात ती चालवणाऱ्या, घडवणाऱ्या, तिच्यात पैसा घालणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी तेवढ्याच बारकाईने ठेवा.

तिसरी, आयोजकांकडे. स्टॉलवरच्या प्रत्येक बाईला लेखी करार, ठरलेले तास, बसायला जागा आणि तक्रार समितीचा फलक तिच्या भाषेत. हे जमत नसेल तर प्रदर्शन भरवू नका.

चौथी, आपल्याकडे. यंत्राचे ज्ञान ही पुरुषांची मिरास नाही. आपल्या गटातल्या मुलींच्या हातात कॅमेरा द्या, गाडीचे बॉनेट उघडायला शिकवा, ही मिउरा आणि ही ई-टाइप असे ठणकावून सांगायला शिकवा. ज्याला नाव ठेवता येते, म्हणजे ओळखता येते, त्यालाच प्रश्न विचारता येतो. गाड्यांच्या बाबतीत ही तालीम पुरुषांनी केली, आपण ती करू आणि तिचा रोख माणसांकडे वळवू.

आपल्या गावात, शहरात जुन्या गाड्यांची फेरी किंवा नव्या गाड्यांचे प्रदर्शन भरेल तेव्हा चार-पाचजणी मिळून जा. गाड्या मनापासून बघा, त्या सुंदरच असतात. मग स्टॉलवर उभ्या असलेल्या मुलीपाशी जा. तिचे नाव विचारा, आपले सांगा. किती वाजल्यापासून उभी आहेस, जेवलीस का, विचारा. तक्रार समितीबद्दल तिला माहीत आहे का, तेही विचारा. आणि तिला चालणार असेल तर काय कळले ते लिहून या अंकाकडे पाठवा. गाड्यांची वही केव्हाच भरली आहे. ही दुसरी वही आता आपण भरू.